उपाशी यंत्र

आमचे इंजिन ज्या दिवशी सर्वांत गोड वाजले, त्याच दिवशी ते गेले. थकलेल्या गवयाचा आवाज एखाद्या मैफलीत अवचित लागावा, तसा त्या दुपारी त्याचा आवाज लागला होता. आणि आम्ही होडीच्या मागल्या फळीवर बसून, दांडा हातात धरून, मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेत होतो. धुराचा मागमूस नव्हता, खोकला नव्हता, अडखळणे नव्हते. "याला म्हणतात ट्यूनिंग!" असे आम्ही सौभाग्यवतींस मोठ्याने सांगितलेही. इंजिनाच्या आवाजात त्यांना ते ऐकू गेले नाही, आणि आता वाटते, गेले नाही तेच बरे झाले.

गावी परतलेल्या पेन्शनरास काही ना काही व्यसन लागतेच. कोणी ग्रामपंचायतीत शिरतो, कोणी आंब्याची कलमे लावितो, कोणी देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणी गोळा करीत हिंडतो. आमचे घर दाभोळच्या खाडीच्या दक्षिण तीरावर. वाशिष्ठी नदी चिपळुणावरून वळणे घेत येते आणि येथे समुद्रास मिळते. शाळेत पदार्थविज्ञान शिकविण्यात उभा जन्म घालवून आम्ही या तीरावर येऊन बसलो, आणि सहा महिन्यांच्या आत एक लहानशी फायबरची होडी व तिच्या पाठीस अडकवावयास एक जुने आउटबोर्ड इंजिन खरेदी करून मोकळे झालो.

ज्यांनी हे यंत्र जवळून पाहिले नसेल त्यांच्यासाठी इतके सांगितले म्हणजे पुरे, की ते होडीच्या पोटात नसते, पाठीवर असते. वर डोके, खाली पाण्यात पंखा, आणि मध्ये लांबच लांब मान. अमेरिकेत विस्कॉन्सिन प्रांतात राहणाऱ्या ओले एव्हिनरूड नावाच्या नॉर्वेजियन कारागिराने १९०९ च्या सुमारास अशी इंजिने बनवून विकावयास आरंभ केला. त्याची कथा अशी सांगतात की, वाग्दत्त वधूसाठी तो तलावापलीकडून आईस्क्रीम आणावयास गेला, आणि वल्ही मारीत परत येईतो त्याचे पाणी झाले. आईस्क्रीम वितळू नये म्हणून जे यंत्र जन्मास आले, त्याच्या पोटात आम्ही पुढे ॲल्युमिनियम वितळवून दाखविले.

आमचे इंजिन पंधरा अश्वशक्तीचे, दोन सिलिंडरांचे, टू-स्ट्रोक जातीचे. विकणाऱ्याने त्याची स्तुती करताना 'सुधारलेले' हा शब्द तीनदा उच्चारला. त्याच्या पुतण्याने नारळी पौर्णिमेच्या शर्यतीसाठी त्यात दोन सुधारणा केल्या होत्या. सिलिंडरांचा माथा घासून दाब वाढविला होता, आणि अधिक हवा आत जावी म्हणून कार्बोरेटरचा घसा लेथवर कातून रुंद केला होता. इंजिन शर्यतीत कितवे आले हे आम्ही विचारले नाही. सुधारणेवर आमच्या पिढीची श्रद्धा फार. जे सुधारले ते चांगलेच असणार, या समजुतीवर आम्ही कित्येक गोष्टी घरात आणल्या आहेत.

आता कार्बोरेटर म्हणजे काय, हे आम्ही किती मुलांस शिकविले असेल! कागदाच्या दोन पट्ट्या तोंडासमोर उभ्या धरावयाच्या, मधून फुंकर मारावयाची, आणि त्या दूर न जाता एकमेकींस चिकटल्या की मुलांनी 'आ' करावयाचा. वाहत्या द्रवाचा वेग वाढला की त्याचा दाब उतरतो, हे डॅनियल बर्नूली याने १७३८ साली आपल्या ग्रंथात मांडले. नळीचा मध्यभाग आवळला असता तेथे हेच घडते, हे व्हेंचुरी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने १७९७ साली दाखविले. कार्बोरेटर हा त्याचाच एक घरगुती अवतार. इंजिन श्वास घेते, हवा अरुंद घशातून धावते, घशाशी दाब उतरतो. खाली वाटीतल्या पेट्रोलावर बाहेरच्या हवेचा दाब असतो, तो त्यास एका बारीक छिद्रातून वर ढकलतो, आणि ते हवेत फवारले जाते. या छिद्राच्या पितळी तुकड्यास जेट म्हणतात. आमच्या इंजिनाच्या जेटावर १४० हा आकडा कोरलेला होता.

घसा रुंद केला म्हणजे काय होईल? हवा अधिक येईल, तिचा वेग मंदावेल, ओढ कमी होईल, आणि ओढ कमी झाली की त्याच जेटातून पेट्रोल पूर्वीच्या प्रमाणात येणार नाही. हा प्रश्न आम्ही परीक्षेत घातला असता तर चार गुणांचा घातला असता. पुतण्याने घसा कातला आणि जेट होता तोच ठेवला. आम्ही दोन्ही गोष्टी डोळ्यांनी पाहिल्या, हाताने पुसल्या, आणि आम्हांस काही सुचले नाही.

उलट आमचे लक्ष धुराकडे गेले. सावकाश चालताना इंजिन निळसर धूर सोडी, आणि त्यामुळे काठावरच्या लोकांत आमची शोभा होई. कार्बोरेटरच्या अंगाला मंद चालीचे मिश्रण कमीजास्त करण्याचा एक स्क्रू असतो. आमच्यासारख्या हौशी मनुष्यास देवाने दिलेले हे खेळणेच होय. तो हलकेच शेवटपर्यंत मिटावा आणि मग साधारण एक-दीड फेरा उघडावा, असा ठोकताळा आहे. आम्ही अंगणात पाण्याच्या पिंपात इंजिन उभे करून तो स्क्रू आत आत पिळीत गेलो. धूर विरळ झाला, आवाज निवळला, आमचा हुरूप वाढला. पिंपात पंख्यास खाडीसारखा भार मिळत नाही आणि इंजिन स्वतःचाच धूर पुन्हा ओढते, म्हणून तेथे लावलेले माप खाडीत खरे ठरत नाही, हे पुढे कळले. त्याहून महत्त्वाचे असे की, तो स्क्रू केवळ मंद चालीचा. थ्रॉटल पुरते उघडले की कारभार मुख्य जेटाच्या हाती जातो, आणि त्यास पिळावयास स्क्रूच नसतो. बैठकीच्या खोलीतला पंखा कमी करून स्वयंपाकघरातली चूल मंद होईल अशी आशा करावी, तसे आमचे चालले होते.

चिन्हे दिसत नव्हती असे मात्र नाही. थ्रॉटल मिटल्यावरही इंजिन लगेच खाली येत नसे. काही क्षण तसेच वर गुणगुणत राही. आम्हांस वाटे, काय हा उत्साह! एकदा प्लग काढून पाहिला, तो टोकाशी शंखासारखा पांढराशुभ्र. आम्ही तो चष्म्याजवळ नेऊन कौतुकाने पाहिला. पांढरे ते स्वच्छ, आणि स्वच्छ ते निरोगी, ही समजूत आमच्या हाडात इतकी मुरली आहे की तो प्लग आम्ही शेजाऱ्यांस दाखविला. शिवाय इंजिनावर माया म्हणून पेट्रोलात तेल दुपटीने घालू लागलो. पन्नासास एक हे प्रमाण सांगितलेले असता आम्ही पंचविसास एक केले. यातही एक गंमत आहे. तेल वाढविले म्हणजे तेवढ्याच मापात पेट्रोल कमी झाले, आणि छिद्रातून येणारे मिश्रण जळावयास आणखी थोडे अपुरे पडले. मायेनेही उपासमार होते.

तर ती दुपार. अमावास्येचे उधाण होते. सौभाग्यवती आणि सुटीत आलेला आमचा नऊ वर्षांचा नातू यांना घेऊन अंजनवेलचा गोपाळगड खाडीतून दाखवावा, असा बेत केला. ओहोटीच्या पाण्याबरोबर जावे आणि इंजिनाच्या बळावर परतावे, हा आमचा हिशेब. आजवर आम्ही जपून, अर्ध्या थ्रॉटलवर चालविले होते. त्या दिवशी नातवास वेग दाखविण्यासाठी ते पुरते उघडले, आणि पाऊण तास तसेच ठेवले.

गड डाव्या हातास आला. आवाज आणखी एक सूर चढला. होडी पुढे उसळली आहे असेही वाटले. नंतर एक कर्कश किंकाळी, आणि निःशब्द. दोरी ओढावयास गेलो तो ती दगडात पुरल्यासारखी जागची हालेना.

इंजिन बंद पडल्यावर खाडी किती वेगाने वाहते हे प्रथम कळते. आतापर्यंत आपण चाललो आहो असे वाटत होते. आता तीर चालू लागला. होडीत वल्हे एकच होते. नांगर होता, पण त्याचा दोर आम्ही मागल्या महिन्यात वेलीच्या मांडवासाठी कापला होता. पश्चिमेस मुखाशी लाटा फुटत होत्या. त्यांचा पांढरा पट्टा दर खेपेस पाहावा तो रुंद झालेला. नातवाच्या अंगात जीवरक्षक जाकीट होते. आमचे जाकीट आम्ही बसावयास खाली घेतले होते, सौभाग्यवतींचे घरीच राहिले होते. आम्ही बुडाखालचे काढून त्यांना दिले. त्यांनी ते मुकाट्याने चढविले, बंद बांधले, आणि मग विचारले, "अहो, ह्याला पोहता येतं ना?" नातवास पोहता येत नव्हते. हे त्यांस ठाऊक होते. आम्हांसही ठाऊक होते. त्यांनी तो प्रश्न का विचारला हे आम्हांस तेव्हा कळले आणि अद्यापि विसरता येत नाही.

आम्ही एका वल्ह्याने पाणी ओढीत राहिलो, तशी होडी नुसती गरगर फिरे. वीस-पंचवीस मिनिटे गेली असतील. मासळी घेऊन परतणाऱ्या एका होडीतल्या मंडळींनी आम्हांस पाहिले. "मास्तर, दोर धरा!" एवढेच कोणीतरी ओरडले. धक्क्यास लागेपर्यंत पुढे कोणी काही बोलले नाही, आणि पैशांचे नाव काढताच त्यातल्या म्हाताऱ्याने आमच्याकडे असे पाहिले की आम्ही पाकीट परत खिशात घातले.

गावात इंजिने दुरुस्त करणारा एकच मनुष्य आहे. त्यास सगळे मिस्त्री म्हणतात. सातवीनंतर शाळा सुटली, आणि बर्नूलीचे नाव त्याच्या कानावर गेल्याचा संभव नाही. त्याने माथा उतरविला, पिस्टन बाहेर काढला आणि आमच्या हातावर ठेवला. धूर बाहेर जातो त्या बाजूची कड मेणबत्तीच्या ओघळासारखी वितळून खाली आली होती, अंगावर उभे ओरखडे होते. ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळते, हे आम्ही फळ्यावर शेकडो वेळा लिहिले आहे. ते असे हातात घेण्याचा प्रसंग पहिलाच.

"मास्तर," मिस्त्री म्हणाला, "मशीन उपाशी चाललं होतं."

"पण आवाज फार चांगला होता हो, मिस्त्री."

"उपाशी माणूस पण हलका चालतो. पडेपर्यंत."

मग त्याने घशात बोट घातले, बोटाने परीघ चाचपला, जेट काढून आकडा पाहिला, आणि जेट आमच्यासमोर टेबलावर ठेवून चहा मागविला. व्याख्यान त्याने दिले नाही. त्या चहाच्या वेळात आम्ही आमचे आम्हांस दिले.

टू-स्ट्रोक इंजिनाच्या घरात स्वतंत्र तेलाची टाकी नसते. वंगण येते ते पेट्रोलातून. म्हणजे पेट्रोलाचा घास कमी पडला की तेलाचाही पडतो. दुसरे असे की, पेट्रोलाची वाफ होताना ते आपल्याबरोबर उष्णता घेऊन जाते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते त्याच कारणाने पिस्टन थोडा गार राहतो. म्हणून या जातीच्या इंजिनास इंधन हे एकाच वेळी अन्न, तेल आणि पाणी आहे. फोर-स्ट्रोक इंजिन उपाशी राहिले तर तक्रार करते. हे आधी गाते आणि मग मरते. ज्या धुराची आम्हांस लाज वाटत होती तो धूर त्याच्या पोटात दोन घास पडत असल्याची खूण होता. त्या धुराने खाडीचे हित होते असे आमचे म्हणणे नाही. टू-स्ट्रोक इंजिन काही पेट्रोल न जाळताच बाहेर टाकते, आणि नवे फोर-स्ट्रोक घेणेच शहाणपणाचे. परंतु पेन्शनीत ते बसत नाही.

निघताना मिस्त्री म्हणाला, "आणि आता पेट्रोलात ऊस पण आलाय. तेवढा हिशेब करा. तुमचा विषय आहे."

तो हिशेब आम्ही त्या रात्री केला. २०२३ च्या फेब्रुवारीपासून वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आपल्याकडे काही पंपांवर मिळू लागले, आणि २०२५ पर्यंत ते देशभर पसरले. त्यातले पुष्कळसे इथेनॉल उसापासून होते, आणि घाटावरच्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत बनते. आता, एक भाग शुद्ध पेट्रोल पुरते जळावयास वजनाने १४.७ भाग हवा लागते. इथेनॉलमध्ये प्राणवायू अगोदरच असल्यामुळे त्यास सुमारे ९ भाग पुरते. वीस टक्क्यांच्या मिश्रणास साडेतेरा. याचा अर्थ, तेवढ्याच हवेस इंधन अधिक लागते. घनतेतला बारीक फरक जमेस धरूनही सात-आठ टक्के अधिक. मोटारीच्या नव्या इंजिनात धुरातला प्राणवायू मोजून इंधन वाढविणारी यंत्रणा असते. कार्बोरेटर आंधळा. त्याचे भोक जेवढे तेवढेच तो देणार. जो जेट पूर्वी पुरेसा होता तो आता, पंपावर कोणी काही न विचारता, सात-आठ टक्क्यांनी लहान झाला होता, आणि आमचा तर कातलेल्या घशामुळे आधीच लहान होता.

इथेनॉलवर आमचा राग नाही. उसाच्या पैशांवर शिकलेले नातलग आमच्याही घरात आहेत. शिवाय न्यायाने सांगावयाचे तर इथेनॉल ठोका सहन करते आणि वाफ होताना पेट्रोलापेक्षा अधिक उष्णता घेते. ते पुरेसे दिले तर पिस्टनचे मित्रच आहे. पण नवा पाहुणा पंगतीस बसविताना पात्र वाढवावे लागते, आणि जुन्या इंजिनांच्या धन्यांस ते कोणी सांगितले नाही, एवढी तक्रार आम्ही नोंदवून ठेवितो.

मिस्त्रीने सिलिंडर बोअर केले, मोठ्या मापाचे पिस्टन बसविले. आम्ही मुंबईहून जेट मागविले: १४५, १५०, १५५, १६०. भाताच्या दाण्याएवढे पितळी तुकडे, किंमत मात्र चांदीची. जुन्याच जेटात बारीक ड्रिल घालावे अशी सूचना आम्ही केली होती. मिस्त्रीने जीभ चावली. हाताने वाढविलेल्या भोकाची भिंत खरबरीत होते, कड मोडते, आणि मुख्य म्हणजे आकडा खोटा होतो. पुढचा मनुष्य १४० वाचतो आणि फसतो. आकड्यांतही एक खाच आहे. काही कंपन्यांचा आकडा म्हणजे मिलिमीटरच्या शतांशात छिद्राचा व्यास, तर काहींचा म्हणजे छिद्रातून वाहणाऱ्या इंधनाचे माप. एकाची जागा दुसऱ्यास देऊन चालत नाही. आमचे व्यासाचे होते. १४० वरून १५० वर जाणे हे कानास किरकोळ वाटते. पण छिद्राचे क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढते, म्हणून ती जवळजवळ पंधरा टक्क्यांची वाढ आहे.

नव्या पिस्टनांस चार दिवस हलक्या हाताने चालवून झाल्यावर आम्ही दोघे खाडीत उतरलो. या खेपेस दोन वल्ही, नांगर, पुरता दोर, आणि जाकिटे अंगात. मिस्त्रीचा नियम असा की, आरंभ जास्तीकडून करावा आणि उतरत यावे. जास्ती झाले तर प्लग काळा होतो, तो पुसता येतो. कमी झाले तर पिस्टन जातो. म्हणून प्रथम १६०. थ्रॉटल पुरते उघडताच इंजिन बुडबुडू लागले. मिश्रण फार दाट झाले की टू-स्ट्रोक इंजिन एकाआड एक ठोका गाळते. जलद त्रितालात वाजणाऱ्या तबल्याने एकाएकी ठाय लय धरावी तसे. होडी जड झाली, मागे निळा धूर पसरला. आम्ही संकोचाने काठाकडे पाहिले. मिस्त्री मात्र प्रसन्न दिसला.

मग १५५. बुडबुड गेली, ओढ आली. तीन मिनिटे पुऱ्या थ्रॉटलवर ओहोटीविरुद्ध चालवून, मंद न करता, लाल दोरी एकदम खेचून इंजिन जागच्या जागी बंद केले. मंद चालीत बंद केले तर प्लगावर मंद चालीचा रंग येतो आणि पुऱ्या थ्रॉटलची साक्ष पुसली जाते. ती शांतता आम्हांस बरी वाटली नाही. होडी वाहू लागली, तीर चालू लागला, आणि आमचा हात आपोआप नांगराकडे गेला. मिस्त्रीने ते पाहिले असावे. त्याने प्लग काढावयास घाई केली नाही. आधी नांगर टाकला.

प्लगाचा रंग मध्यम तांबूस होता. पुढे १५० घातला. खिशातल्या फोनवर वेग पाहिला तो तासास अर्धा किलोमीटर अधिक. आवाज स्वच्छ, जवळजवळ त्या दुपारसारखा. प्लग काढला तो फिकट, पिठूळ. आम्ही म्हणालो, "मिस्त्री, हा चालेल की. अर्धा किलोमीटर मिळतोय." मिस्त्री म्हणाला, "चालेल. थंडीत एक दिवस चालणार नाही." थंड हवा दाट असते, तिच्याबरोबर इंधनही अधिक लागते; हाही चार गुणांचा प्रश्न.

दोन्ही प्लग आम्ही घरी नेले आणि सौभाग्यवतींपुढे ठेवले. आजच्या पेट्रोलात प्लगाचा रंग पूर्वीइतका स्पष्ट उमटत नाही, म्हणून तिसऱ्या नजरेची गरज होती. त्यांनी ते खिडकीपाशी नेऊन पाहिले. १५० चा प्लग हातात घेऊन म्हणाल्या, "हा रवा कच्चा आहे." दुसरा घेऊन म्हणाल्या, "हा झाला." असा निकाल लागून १५५ बसला. मंद चालीचा स्क्रू आम्ही मागाहून लावला. इंजिन तापलेले, होडी पाण्यात, गिअर घातलेला. तो एक फेरा आणि पाव अशा जागी स्थिरावला. सकाळी चालू करताना थोडा धूर येतो. येवो.

येथवर आमच्या चुका आमच्या होत्या. एक चूक पावसाळ्याने शिकविली. होडी झापांनी शाकारून आम्ही टाकी तशीच अर्धी भरलेली पडवीत ठेविली होती. गणपतीनंतर तीतले थोडे पेट्रोल काचेच्या बरणीत ओतून उन्हात धरले. बरणीत दोन थर दिसले. वर पिवळसर, खाली निराळा, किंचित गढूळ. इथेनॉल पाणी पोटात घेते. रिकाम्या जागेतल्या दमट हवेतून, झाकणातून झिरपलेल्या थेंबांतून ते घेत जाते, आणि एका मर्यादेनंतर पेट्रोलाशी नाते तोडून पाण्यासह तळाशी जाऊन बसते. इंजिनाची नळी तळाशीच असते. म्हणजे पहिला घोट पाण्याचा. मुखाशी, उधाणाच्या ओहोटीत, तो घोट कसा लागला असता, याचा विचार आम्ही बरणी हातात धरून बराच वेळ केला. पेट्रोलात पूर्वीपासून साचलेला चिकट थरही इथेनॉल सोडविते आणि तो जेटात येऊन अडकतो. जुन्या रबरी नळ्याही फुगतात. आता नळी नवी आहे, मध्ये पाणी वेगळे करणारा पारदर्शक पेल्याचा फिल्टर आहे, आणि ज्येष्ठ लागताच टाकी रिकामी होते. ते पेट्रोल आमच्या जुन्या टू-स्ट्रोक स्कूटरच्या पोटात जाते.

मागल्या सुटीत नातू पुन्हा आला. त्यास होडीत न्यावे की नाही यावर घरात काही चर्चा झाली नाही. सौभाग्यवतींनी तीन जाकिटे काढून पडवीत उन्हात टाकली, तीच चर्चा. अंजनवेलपर्यंत गेलो, भरती लागल्यावर परतलो. नातवाने मध्येच विचारले, "आजोबा, आता इंजिन धूर का सोडतं?" आम्ही म्हणालो, "त्याला पोटभर मिळतं म्हणून." हे त्यास पटल्यासारखे दिसले नाही.

वितळलेला पिस्टन आमच्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेविला आहे. शेजारी सुपारीच्या जुन्या डबीत उरलेले जेट आहेत. त्यांत तो १५० चाही आहे. अर्ध्या किलोमीटरची आठवण अधूनमधून होते, तेव्हा आम्ही डबी उघडून तो हातात घेतो, उजेडाकडे धरून छिद्रातून खाडी पाहतो, आणि परत ठेवितो. अजून बसविलेला नाही.